दाहिनीतला पहिला मान

“सकाळधरनं एकशेऐंशीच दाखवतोय साहेब,” पोपट सुतार म्हणाला. “साडेसहाशे झाल्याबिगर दार उघडत न्हाई. आता तुम्हीच बघा.”

मी बघितलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकशेऐंशी होतं. भिंतीपलीकडे विद्युतदाहिनीची भट्टी होती आणि खिडकीबाहेर पत्र्याच्या शेडखाली, तिरडीवर, गद्रे सर होते. त्यांच्या पायाशी माई बसल्या होत्या. बायकांनी स्मशानात यायला हरकत नाही हे सरांचंच म्हणणं, त्यामुळे माई तिथं होत्या. बाकीच्या बायका घरी होत्या. त्यांना कुणी सरांशी लग्न करायला सांगितलं नव्हतं.

सर आम्हाला शाळेत फिजिक्स शिकवायचे. एका माणसाला जाळायला किती लाकूड लागतं आणि तेवढं लाकूड वाढायला किती वर्षं जातात, हे गणित ते नववीच्या पोरांना घालायचे. पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, की परीक्षेत असलं काही येत नाही. सर म्हणाले, सगळ्यांना येतं, फक्त तारीख कळवत नाहीत.

गावात विद्युतदाहिनी व्हावी म्हणून त्यांनी नगरपालिकेत इतके अर्ज दिले, की शेवटी अर्ज ठेवायला जागा नाही म्हणून दाहिनी मंजूर झाली, असं लोक म्हणत. चार वर्षांपूर्वी उद्घाटन झालं. कंपनीचा माणूस आला, भट्टी तापली, आकडा आठशेवर गेला. प्रात्यक्षिकासाठी आत काहीतरी घालायला हवं होतं, म्हणून एक ओंडका घातला. लाकूड वाचवण्यासाठी बांधलेल्या भट्टीत पहिल्यांदा जे जळलं ते लाकूडच होतं. सर ह्यावर हसले नाहीत. बाकी सगळे फराळाला गेले.

त्यानंतर भट्टीत काहीच गेलं नाही. लग्नाच्या पंगतीपासून गणपतीच्या आरतीपर्यंत पहिल्या मानासाठी भांडणारं आमचं गाव ह्या एका ठिकाणी फार विनयशील झालं. “आधी दुसऱ्या कुणाचं होऊ द्या, मग आमचं आहेच,” असं प्रत्येक घर म्हणायचं. शेवटी वाचनालयाच्या सभेत सर उठले आणि म्हणाले, “ठीक आहे. पहिला मान माझा.” टाळ्या वाजल्या. माई मागच्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही, हे मी पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही.

आणि आज सर दिलेल्या शब्दाप्रमाणे आले होते, तर भट्टी एकशेऐंशीच्या वर जायला तयार नव्हती.

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. बॉयलरचं तापमान, दाब, पाण्याची पातळी हे सगळे आकडे खरं बोलतात की नाही ते बघणं हे माझं काम. म्हणून अभयनं, म्हणजे सरांच्या मुलानं, मला सकाळी फोन केला होता. आम्ही एका बाकावर बसायचो. तो पुढे पुण्याला गेला आणि मोठा झाला. मी इथंच राहिलो आणि नुसता वाढलो.

दार ढकलून अभय आत आला. पांढरा कुडता, कपाळावर घाम.

“काय म्हणतंय?”

“बघतोय.”

“दिवाकर, पेपरवाला बाहेर आहे. बाबांचा फोटो त्यानं घेतलाय, भट्टीचा घेतलाय. आता दोघांचा एकत्र हवाय.”

“जमेल. थोडा दम धर.”

“मी धरीन रे. काका धरत नाहीत. सकाळपासून गुरुजींना घेऊन बसलेत. म्हणतात, यंत्र अडलं हा संकेत आहे. तिकडे भाऊबंदांनी लाकडंसुद्धा आणून टाकलीत, बघितलंस?”

मी खिडकीतून पाहिलं. नदीकडच्या ओट्याशेजारी लाकडं व्यवस्थित रचून ठेवली होती. घाईत आणलेली वाटत नव्हती.

“संकेत वगैरे काही नाही,” मी म्हणालो. “वायरिंगची काहीतरी भानगड असेल.”

“तेच त्यांना सांग. माझं कोण ऐकतं? बाबांची एवढी एकच इच्छा होती रे.” तो बाहेर गेला, आणि जाता जाता पेपरवाल्याला हातानंच ‘होतंय’ अशी खूण केली.

मी पोपटला म्हटलं, “भट्टीला आत बघायला भोक असेल ना?”

“आहे की. मागल्या बाजूला. काच आहे.”

आम्ही मागं गेलो. त्यानं झाकण सरकवलं. मी डोळा लावला आणि लगेच मागं घेतला. आत सगळं नारिंगी होतं. विटा, कॉइल, रूळ, सगळं.

“पोपटराव, हे एकशेऐंशी वाटतं तुम्हाला?”

त्यानं वाकून पाहिलं. “लालभडक दिसतंय.”

“मग?”

“मग काय? दिसतंय लाल, पर कॉम्प्युटर एकशेऐंशी म्हणतोय.”

“एकशेऐंशीला लोखंड तांबडं होत नाही हो. भाकरी तरी होते का तेवढ्यात बरोबर?”

“ते खरं. पर सायबांनी सांगितलंय, आकडा बघूनच दार उघडायचं. रंग बघून उघडायचं असं कुठं म्हणालेत?”

त्याचं बरोबर होतं. आमच्या कारखान्यातही रंग बघणाऱ्याला बढती मिळत नाही.

परत येऊन मी खुर्चीत बसलो. टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर वर सरकवलेलं, बाजूला गणपतीचा फोटो आणि वाळलेला हार. कॉम्प्युटरमधून एक वायर भिंतीवरच्या छोट्या पेटीत जात होती. त्या पेटीत तापमान मोजणारं कार्ड. भट्टीत दोन धातूंच्या तारांची जोडी असते. ती तापली की अगदी किंचित वीज देते, आणि त्या विजेवरून कार्ड तापमान काढतं. पण सगळ्या तारा सारखी वीज देत नाहीत. म्हणून कार्डाला आधी तारेची जात सांगावी लागते. चुकीची जात सांगितली, की आठशेचे एकशेऐंशी होतात. हे सरांना ऐकवलं असतं तर ते म्हणाले असते, इथंही सुटली नाही का ती.

मी सेटिंगचं पान उघडलं. तिथं जात बरोबर लिहिलेली होती.

“हे तर ठीक आहे,” मी म्हणालो.

“मग बिघडलंय काय?”

“पोपटराव, सकाळी तुम्ही नेमकं काय काय केलंत?”

“काय न्हाई. निरोप आला, आलो, कव्हर काढलं, उंदराला हलवलं. पडदा उजळला. मग भट्टीचं बटण दाबलं.”

“कॉम्प्युटर चालू नाही केलात?”

“चालूच असतो की तो. झोपवून ठेवतो मी. म्हंजे तोच झोपतो. धा मिनिटं हात न्हाई लावला की डोळं मिटतो.”

“बंद का करत नाही?”

पोपटनं आवाज खाली आणला. “बंद केला की सुरू होताना पासवर्ड मागतोय. तो बुधकर सायबांकडं. त्यांची बदली झाली उद्घाटनाच्या दुसऱ्याच महिन्यात. मग म्या ठरवलं, बंद करायचाच न्हाई. लाइट गेली तर बॅटरी हाय. चार वर्सं झाली, बंद पडू दिला न्हाई.” हे सांगताना तो ताठ बसला होता.

आता मला कळलं. कॉम्प्युटर झोपला, की वायरीतून कार्डाला जाणारी वीज तुटते. कार्डाच्या लक्षात काही राहत नाही. ते जागं होतं तेव्हा कंपनीतून आलं तेव्हाची जात धरून बसतं. कॉम्प्युटरला मात्र वाटतं, आपलं ह्याला सगळं सांगून झालंय, परत कशाला सांगायचं? म्हणून पडद्यावर सगळं बरोबर लिहिलेलं, आणि भिंतीवरच्या पेटीत सगळं चूक. उद्घाटनाच्या दिवशी त्याला झोपायला मिळालंच नव्हतं, त्यामुळे हा दोष कुणाला दिसला नाही. आणि नंतर कुणी मेलं नाही, म्हणजे मेले पुष्कळ, पण कुणी इकडे आलं नाही.

पडद्यावर लिहिलेलं बरोबर होतं, म्हणून ते कार्डाला परत सांगण्यासाठी आधी चुकीचं करावं लागणार होतं. मी भलतीच जात निवडली आणि ‘लागू करा’ दाबलं. मग पुन्हा खरी निवडली, पुन्हा दाबलं.

आकडा एकदा शून्य झाला. पोपटनं गणपतीकडे पाहिलं. मग पडद्यावर आलं, सातशे चौऱ्याण्णव.

“आयला,” पोपट म्हणाला. “म्हंजे सकाळधरनं तापलीच होती?”

“तापलीच होती.”

“आन आपुन तिला थंड म्हणत बसलो.”

झोपेची वेळ बदलून टाकावी म्हणून मी दुसरं पान उघडलं. त्यानं पासवर्ड मागितला. बुधकर साहेबांचा. मी पान बंद केलं आणि पोपटला म्हटलं, “आता उंदीर हलवत राहायचा. डोळा मिटू द्यायचा नाही. तुम्ही ट्रॉली तयार करा, मी अभयला सांगतो.”

पोपट ट्रॉलीकडे गेला. मी उठणार, एवढ्यात दारात माई दिसल्या.

“दिवाकर, आत येऊ का रे?”

“या ना माई. झालंच. बघा, सातशे चौऱ्याण्णव. दार उघडेल आता.”

माई आल्या, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आकडा नीट वाचला. चष्मा पुसून परत वाचला.

“काय झालं होतं ह्याला?”

“झोपून उठला की विसरतो. पुन्हा सगळं सांगावं लागतं.”

“आणि परत झोपला तर?”

“परत विसरेल.”

“किती वेळात झोपतो?”

“दहा मिनिटं हात लावला नाही की.”

“चांगली सोय आहे,” माई म्हणाल्या. “अभयला सांगितलंस?”

“निघालोच होतो.”

“बस.”

मी बसलो. नववीत असताना सरांच्या घरी अभ्यासाला जायचो तेव्हाही माईंनी बस म्हटलं की बसायचो. पुढ्यात पोहे यायचे.

“माझं लग्न कुठं झालं, माहीत आहे तुला?”

“कोर्टात ना?”

“कोर्टात. सही केली, आणि तिथला कारकून ह्यांना काहीतरी विचारून बसला. हे त्याला वजन आणि वस्तुमान ह्यातला फरक समजावायला लागले. पाऊण तास. मी गळ्यात हार घालून उभी. माझ्या वडलांनी आणलेले पेढे कारकुनानं खाल्ले.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत, म्हणून थांबलो.

“अभयची मुंज नाही. घरात देव नाहीत. माझी आई गेली तेव्हा म्हणाले, दहावा-बिहावा करायचा तर ह्या घरात नको. मी शेजारच्या पटवर्धनांच्या परसात पान ठेवलं. कावळा शिवला, पण तो पटवर्धनांच्या नावावर शिवला. माझी आई काय समजली असेल कोण जाणे.”

“माई, सरांची ही शेवटची इच्छा होती.”

“ह्यांची कुठली इच्छा शेवटची नव्हती? दरवेळी म्हणायचे, एवढं एक होऊ दे.” त्यांनी चष्मा घातला. “मी होऊ दिलं. प्रत्येक वेळी. ह्यांचं चुकत होतं असं मी कधी म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. झाडं वाचावीत हे मलाही कळतं. ह्यांच्या सभेचा चहा चाळीस वर्षं मीच केलाय, तेवढं तर कानावर पडलंय.”

“मग?”

“मला एकदा मंत्र ऐकायचेत. माझ्या माणसासाठी म्हटलेले. मी समोर उभी असताना.” त्या खिडकीकडे बघत होत्या. “एकदाच. त्यांना काय कळणार आहे? त्यांचंच म्हणणं, मागं काही उरत नाही. मग ज्याचं काही उरत नाही त्याचा मान राखायचा, की जी उरलीय तिचा?”

हा प्रश्न त्यांनी कुठल्याही सभेत विचारला असता तर सरांना उत्तर द्यावं लागलं असतं. पण सभेत त्या चहा वाटत होत्या.

“मी खोटं नाही सांगणार माई.”

“तू काही सांगूच नकोस. तू इथं बस. काय सांगायचं ते मी सांगते.” दारापाशी जाऊन त्या वळल्या. “आणि माझ्या वेळी मलाही तिकडेच न्या. नदीकडे, त्याच ओट्यावर. ह्या डब्यात नको. अभयला सांगशील ना? तो माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल.”

“सांगेन.”

त्या गेल्या. खिडकीतून मला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. माई अभयशी बोलल्या. अभयनं खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पेपरवाल्यानं काहीतरी विचारलं, अभयनं पुन्हा माझ्याकडे बोट केलं, आणि पेपरवाल्यानं ते लिहून घेतलं. काकांनी गुरुजींना उठवलं.

पोपट आत आला. “साहेब, ट्रॉली तयार हाय. पर ते तिकडं का निघालेत?”

“माईंनी सांगितलं, यंत्र चालू झालं नाही.”

पोपटनं पडद्याकडे पाहिलं. सातशे नव्वद. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “तरीच. लाकडं पहाटेच उतरून घेतली माईंनी. सोता उभ्या राहून रचायला लावली. मला म्हणाल्या, यंत्राचा काय भरवसा.”

मी माउसवर हात ठेवून बसलो होतो. नदीच्या बाजूनं मंत्र सुरू झाले. गुरुजींचा आवाज खणखणीत होता. माई ओट्याजवळ, अगदी पुढे, हात जोडून उभ्या होत्या. मी हात उचलला. काही वेळानं पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, तंत्रज्ञाला अपयश, गद्रे सरांची इच्छा अपुरी. माझं नाव बरोबर छापलं होतं, हे आमच्या पेपरात विशेषच. कारखान्यात लोक म्हणायला लागले, ह्याला बॉयलरजवळ जाऊ देऊ नका, ऊस कच्चा राहील. पानाच्या दुकानावर, लग्नात, बँकेत, जिथं जाईन तिथं कुणीतरी म्हणायचंच, काय हो, एक कॉम्प्युटर नाही जमला? मी म्हणायचो, नाही जमला. माई देवळात जाताना दिसायच्या. आता त्या देवळात जायच्या. लांबून हात करायच्या. त्या विषयावर आम्ही परत कधी बोललो नाही.

सरांच्या स्मरणार्थ दाहिनीला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. अभयनं पुण्याहून देणगी मिळवून नवा कॉम्प्युटर आणवला. पुन्हा उद्घाटन झालं, पुन्हा ओंडका. अभयनं भाषण केलं, की बाबा काळाच्या पुढे होते, तंत्रज्ञान मागे पडलं. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. टाळ्या वाजल्या. तरीही भट्टीत कुणी गेलं नाही. जिच्यात खुद्द गद्रे सर जाऊ शकले नाहीत, तिच्यात आपलं माणूस कसं घालायचं, असं आता लोक म्हणत. हे कारण पहिल्यापेक्षा चांगलं होतं.

बऱ्याच वर्षांनी माई गेल्या. मी स्मशानात पोचलो तेव्हा नदीकडच्या ओट्यावर काहीच नव्हतं. तिरडी पत्र्याच्या शेडखाली, दाहिनीच्या दारासमोर होती. दारावर सरांचं नाव होतं, पितळी अक्षरांत.

मी अभयला बाजूला घेतलं. “अभय, माईंना तिकडे जायचं होतं. नदीकडे.”

“कोण म्हणालं?”

“त्याच म्हणाल्या. मला.”

“कधी?”

“सरांच्या वेळी. कंट्रोल रूममध्ये.”

“त्या दिवशी आईचं डोकं ठिकाणावर होतं का रे? एवढे दिवस बाबांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली बाई. बाबांचं राहिलेलं तिच्या हातून पुरं होतंय, ह्याहून तिला काय हवं होतं?”

“त्या दिवशी भट्टी चालू झाली होती, अभय. आकडा सातशे चौऱ्याण्णव होता. माईंनीच सांगू दिलं नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, कीवच जास्त होती.

“दिवाकर,” तो म्हणाला, “तुला नाही जमलं, ते आम्ही केव्हाच सोडून दिलंय. पण इतक्या वर्षांनी, आज, तिच्यावर ढकलू नकोस.”

मग त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं आणि पेपरवाल्याकडे गेला. पेपरवाला नवा होता.

मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी कंट्रोल रूममध्ये गेलो. पोपट खुर्चीत होता, आता चष्मा लागलेला. मला बघून उठला आणि खुर्ची दिली. पडदा मोठा, पातळ, चकचकीत. आकडा सातशे साठ, आणि चढत होता. पोपट उंदीर हलवत नव्हता. मीही त्याला हात लावला नाही. गणपतीच्या फोटोकडे बघत बसलो. बाहेर कुणीतरी सरांवर बोलत होतं. माईंविषयी एक वाक्य आलं, की त्या सरांची सावली होत्या. दहा मिनिटं झाली असतील, जास्तच. पडदा उजळ तो उजळच. सातशे नव्वद.

“झोपत नाही का हा?” मी विचारलं.

“न्हाई साहेब. तुमच्या येळच्या भानगडीमुळंच नवा घेतला की. चोवीस तास जागा असतो, आन कायबी विसरत न्हाई.” त्यानं बटणावर बोट ठेवलं आणि खिडकीतून अभयकडे पाहिलं. अभयनं मान हलवली.

“शेवटी पहिला मान माईंनाच,” पोपट म्हणाला, आणि दार उघडलं.